घरातलं प्लास्टिक आणि वेष्टनं रिसायकलला देताना घोडं कुठे अडतं

वस्तूच्या तळाशी त्रिकोणात आकडा दिसला की ती रिसायकल होणारच, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. हे आकडे १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने सुरू केले, तेही प्लास्टिकची जात ओळखता यावी एवढ्यासाठी. २०१३ साली या मानकात फिरत्या बाणांच्या जागी साधा त्रिकोण आला. पण कारखान्यातले साचे वर्षानुवर्षं चालतात, म्हणून बाण अजून दिसतात आणि गैरसमजही टिकून आहे. गेयर, जॅम्बेक आणि लॉ या संशोधकांनी २०१७ साली मांडलेल्या हिशेबानुसार, २०१५ पर्यंत जगात तयार झालेल्या सगळ्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के रिसायकल झाला होता, १२ टक्के जाळला गेला होता आणि बाकीचा जमिनीत किंवा उघड्यावर पडून होता. त्या पडून राहिलेल्या ढिगातही त्रिकोण छापलेल्या वस्तू भरपूर होत्या.

वस्तूचं पुढे काय होईल हे चार गोष्टींवर ठरतं: ती एकाच पदार्थाची आहे का, रिकामी नि कोरडी आहे का, छाननीत हाताला किंवा यंत्राला सापडेल एवढी मोठी आहे का, आणि तो माल घेणारा कारखाना आवाक्यात आहे का. यातली चौथी गोष्ट आपल्या हातात नाही, पण चौकशी तिचीच आधी करायची. कचरा नेणाऱ्याला किंवा भंगार घेणाऱ्याला "प्लास्टिक घेता का?" असं मोघम विचारलं तर "हो" एवढंच उत्तर मिळतं. वस्तूंची नावं घेऊन विचारा: पारदर्शक बाटल्या? रंगीत बाटल्या? शाम्पूच्या अपारदर्शक बाटल्या? पातळ डबे आणि ट्रे? पिशव्या? चकचकीत पुडे? थर्माकोल? दूध-रसाचे कागदी खोके? ही आठ उत्तरं कागदावर लिहून डब्याशेजारी चिकटवा. जे घेतलं जात नाही ते 'होईल काहीतरी' म्हणून चांगल्या मालात घुसवणं हा या कामातला सर्वांत महागडा आशावाद आहे, कारण त्यापायी सोबतचा धड मालही नाकारला जाऊ शकतो.

जात ओळखण्याच्या खुणा

पाणी आणि शीतपेयांच्या काचेसारख्या पारदर्शक बाटल्या पेट (PET) नावाच्या प्लास्टिकच्या असतात, म्हणजे क्रमांक १. शाम्पू, डिटर्जंट, फिनेल यांच्या धुरकट किंवा अपारदर्शक, बोटाला मेणचट लागणाऱ्या बाटल्या एचडीपीईच्या (जास्त घनतेचं पॉलिथिलीन), क्रमांक २. क्रमांक ३ पीव्हीसी. घरात ते गोळ्यांच्या पाकिटांत, काही कडक पारदर्शक खोक्यांत आणि हाताला चिकटणाऱ्या काही क्लिंग फिल्ममध्ये सापडतं. ४ म्हणजे मऊ, ताणल्या जाणाऱ्या पिशव्यांचं एलडीपीई (कमी घनतेचं पॉलिथिलीन). ५ म्हणजे पीपी (पॉलिप्रॉपिलीन): बहुतेक झाकणं, दह्या-आइस्क्रीमचे डबे, मायक्रोवेव्हमध्ये चालणारे डबे. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन: वाकवलं की कडकन तुटणारे कप आणि थर्माकोल. ७ मध्ये उरलेलं सगळं येतं, म्हणजे तो आकडा काहीच सांगत नाही.

आकडा नसेल तर तळ पाहा. पेटची बाटली आधी नळीसारख्या छोट्या तुकड्याच्या रूपात ओतली जाते आणि मग हवा भरून फुगवली जाते, त्यामुळे तळाच्या मधोमध एक टिंब राहतं. पारदर्शक बाटलीच्या तळाला टिंबाऐवजी आडवी जोडरेघ असेल आणि बाटली दुमडल्यावर घडीवर पांढरा व्रण उठत असेल, तर ती पीव्हीसीची असण्याचा संभव आहे. ती पेटमध्ये टाकू नका. पेट वितळवायला साधारण २६० अंश सेल्सियसच्या वर तापमान लागतं. पीव्हीसी त्याच्या बरंच आधी विघटित होऊ लागतं, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, आणि ते आम्ल पेटच्या लांब साखळ्या तोडत जातं. माल पिवळसर होतो, त्यात काळे ठिपके पडतात. दहा टन पेटमध्ये एखादा किलो पीव्हीसी एवढं प्रमाणही त्रासदायक ठरतं. पाण्याने हे दोन वेगळे करावेत तर दोन्ही बुडतात.

बाकीच्या जातींना मात्र पाण्याची परीक्षा लागू पडते. पातेल्यात पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. साबण नसेल तर तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि तो खोटाच तरंगतो. वस्तूचा साधारण २ सेंटिमीटरचा सपाट तुकडा कापा, बोटाने पाण्याखाली दाबा आणि सोडा. वर आला तर एचडीपीई, एलडीपीई किंवा पीपी, कारण या तिघांची घनता ०.९० ते ०.९७ च्या दरम्यान, म्हणजे पाण्यापेक्षा कमी असते. तळाशी गेला तर पेट, पीव्हीसी किंवा पॉलिस्टायरीन. आता एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवून बुडालेला तुकडा त्यात टाका. पॉलिस्टायरीन तरंगेल; १.३ च्या पुढे घनता असलेलं पेट नि पीव्हीसी बुडूनच राहील. ही परीक्षा दोन ठिकाणी फसते. थर्माकोलमध्ये हवा कोंडलेली असल्यामुळे तो कशातही तरंगतो, आणि खडू किंवा टाल्कची पूड मिसळलेलं पीपी जड होऊन बुडतं.

काडी लावून, धुराच्या वासावरून जात ओळखण्याची युक्ती काही जण सांगतात. ती घरात करू नका. पीव्हीसी जळताना निघणारं आम्ल फुप्फुसांना चांगलं नाही.

धुवायचं किती

चकचकीत करायची गरज नाही, तसं केलं तर पाणी आणि वेळ दोन्ही वाया. निकष एवढाच: उलटं केलं तर काही गळू नये, आणि बोट फिरवलं तर काही लागू नये. एक लिटरच्या बाटलीला अर्धा कप पाणी पुरतं. बूच लावा, दहा सेकंद जोरात हलवा, आणि तेच पाणी पुढच्या बाटलीत ओता. सुरुवात कमी खरकट्या बाटलीपासून, शेवट सॉस किंवा तेलाच्या बाटलीवर. भांडी घासून झाल्यावरचं साबणाचं पाणी यासाठी सगळ्यांत योग्य. उकळतं पाणी नको: पेट साधारण ७० अंशांच्या पुढे मऊ पडून आकसतं, आणि गरम पाण्याने भरलेली बाटली हलवताना हात भाजतो तो वेगळाच.

तेलाच्या बाटल्या आधी किमान काही तास उपड्या ठेवा. पीपी आणि एचडीपीई तेल नि वास आत शोषून घेतात. वरून पुसल्यावर ते स्वच्छ दिसतात, पण कारखान्यात वितळवल्यावर वास पुन्हा बाहेर येतो. अशा दाण्यांपासून केलेल्या मालाला वास राहतो आणि त्याला कमी भाव येतो. म्हणून तेलकट डबा आठवडाभर तसाच ठेवून मग धुण्यापेक्षा त्याच दिवशी धुतलेला बरा.

धुण्याइतकंच वाळवणं महत्त्वाचं. ओल्या बाटल्या बंद पिशवीत ठेवल्या की दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि शेजारी कागद असेल तर तोही जातो. बूच उघडं ठेवून बाटली रात्रभर उलटी ठेवा, मग बूच लावा.

बूच, पंप, लेबल

बाटलीचं बूच काढून टाका, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जायचा. आता बहुतेक ठिकाणी उलटं सांगतात: हवा काढून बाटली चेपा आणि बूच परत घट्ट लावा. पेटच्या बाटलीवरचं बूच पीपी किंवा एचडीपीईचं असतं. कारखान्यात दोन्हींचे एकत्र बारीक तुकडे होतात आणि पाण्यात पेट बुडतं, बूच तरंगतं, म्हणजे ते आपोआप वेगळे होतात. सुटं बूच मात्र छाननीच्या चाळणीतून साधारण ५ सेंटिमीटरपेक्षा लहान तुकड्यांसोबत खाली पडतं आणि कचऱ्यात जातं. हाताने निवडून घेणारा भंगारवाला बुचं वेगळी मागत असेल, तर एका मोठ्या बाटलीत ती साठवून द्या. तिथे चाळणीचा प्रश्नच नाही.

चेपायचं कसं, यालाही कारण आहे. काही यंत्रं चपट्या वस्तू कागद समजून एका बाजूला पाठवतात आणि गोल वस्तू दुसऱ्या बाजूला. अगदी पापडासारखी सपाट केलेली बाटली पुठ्ठ्यांमध्ये जाऊन बसते. म्हणून मिश्र कचरा यंत्रावर जात असेल तर नुसती हवा काढण्यापुरती पिळा. अनामत रक्कम परत देणाऱ्या यंत्रात टाकायची बाटली तर अजिबात चेपू नका, नाहीतर त्याला बारकोड वाचता येत नाही.

हँडवॉश आणि लोशनचे पंप पूर्ण काढून टाका. आत पोलादी स्प्रिंग, छोटी गोळी आणि दोन-तीन जातींचं प्लास्टिक असतं. ते सुटं करून काही हाती लागत नाही. पंप कचऱ्यात, बाटली रिसायकलला. (पंप धड असेल तर पुढच्या बाटलीला तोच वापरा, हा त्याचा सगळ्यांत चांगला उपयोग.)

कागदी लेबल काढत बसू नका. पेटचे तुकडे कारखान्यात ८० अंशांच्या आसपास तापवलेल्या कॉस्टिकच्या पाण्यात धुतले जातात, तिथे लेबल आणि गोंद निघतो. पण मानेपासून तळापर्यंत आवळून बसवलेली छापील स्लीव्ह असेल तर ती कात्रीने कापून काढाच. छाननीचं यंत्र अवरक्त प्रकाश टाकून परत येणाऱ्या किरणांवरून प्लास्टिक ओळखतं. त्याला दिसते ती स्लीव्ह, आणि ती बहुधा वेगळ्याच जातीची असते. आतली बाटली उत्तम पेटची असूनही भलत्या ढिगात जाते.

काळ्या ट्रेंची गत याहून वाईट. काळा रंग देणारा कार्बन ब्लॅक अवरक्त प्रकाश शोषून घेतो, काहीच परत येत नाही, आणि यंत्राच्या दृष्टीने पट्ट्यावर वस्तूच नसते. माणसाच्या हाताने छाननी होत असेल तरच काळं प्लास्टिक वेगळं ठेवण्यात अर्थ आहे. खरेदी करतानाच पारदर्शक किंवा फिक्या रंगाचा डबा निवडणं हा इथला एकमेव खात्रीचा उपाय.

थरांची भानगड

वेफर्स, बिस्किटं, कॉफी, शाम्पूची छोटी पाकिटं: यांचं वेष्टन दिसतं एक, पण त्यात दोन-तीन ते सात-आठ थर असू शकतात. छपाईसाठी एक, हवा आणि ओलावा अडवायला दुसरा, उष्णतेने चिकटवायला तिसरा. प्रत्येक थर आपापलं काम चोख करतो, म्हणून पदार्थ महिनोन्महिने टिकतो. पण पेट २६० अंशांना वितळतं आणि पॉलिथिलीन ११०-१३० ला; एकत्र वितळवले तर ते एकजीव होत नाहीत, कमकुवत, ठिसूळ लगदा तयार होतो. थर सोडवण्याच्या पद्धती आहेत, पण त्या परवडतील असे कारखाने थोडे. असे पुडे बऱ्याचदा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. ते रिसायकलिंग नव्हे, ही विल्हेवाट आहे, आणि तिला तेच नाव द्यावं.

चकचकीत वेष्टन धातूचं की प्लास्टिकचं, हे मुठीत चुरगळून कळतं. सोडल्यावर चुरगळलेलंच राहिलं तर ॲल्युमिनियमची फॉइल. फुलून परत उघडलं तर प्लास्टिकवर धातूचा अतिशय पातळ मुलामा. ही परीक्षा फॉइल वेगळी काढण्यापुरती बरी. कॉफीच्या काही पाकिटांत खरी फॉइलच प्लास्टिकच्या दोन थरांत असते, तीही चुरगळलेली राहते. म्हणून कडा फाडून पाहा, प्लास्टिकचा पापुद्रा सुटला तर धातूच्या डब्यात टाकू नका.

दूध-रसाच्या टिकाऊ खोक्यांत साधारण तीन चतुर्थांश पुठ्ठा, पाचवा हिस्सा किंवा थोडं जास्त पॉलिथिलीन आणि जवळपास ५ टक्के ॲल्युमिनियम असतं. खास कारखान्यात ते पाण्यात घुसळून कागदाचा लगदा वेगळा काढतात, प्लास्टिक-ॲल्युमिनियमचं मिश्रण उरतं. साध्या कागदाच्या गिरणीत मात्र हे खोके टाकले तर लगदा सुटायला लागणारा वेळ मिळत नाही आणि ते गाळ म्हणून बाहेर पडतात. म्हणून यांची गठडी वेगळी, रद्दीत नाही. स्ट्रॉ काढा, कोपरे उघडून सपाट करा, अर्धा कप पाण्याने विसळा, वाळवा. चहा-कॉफीच्या कागदी कपांच्या आतही पॉलिथिलीनचं अस्तर असतं. कडा फाडली तर कागदाच्या मागे पातळ पापुद्रा ताणला जाताना दिसतो.

टूथपेस्टच्या ट्यूबमध्ये जुन्या पद्धतीत ॲल्युमिनियमचा थर असतो, नव्या काही ट्यूब निव्वळ एचडीपीईच्या येतात. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. ट्यूबवर २ आकडा असेल आणि तुमच्याकडे ट्यूब घेत असतील तरच ठेवा. गोळ्यांची पाकिटं, म्हणजे पीव्हीसी आणि ॲल्युमिनियम यांची जोडी, घरच्या घरी सुटी करण्यात काही हशील नाही.

पिशव्या आणि फिल्म

सुट्या पिशव्या इतर मालात कधीही टाकू नका. छाननीच्या फिरत्या दांड्यांभोवती त्या गुंडाळल्या जातात, यंत्र बंद करून माणसाला आत उतरून सुरीने कापून काढाव्या लागतात. याच कारणाने स्वच्छ बाटल्यासुद्धा गाठ मारलेल्या पिशवीत घालून देऊ नका. वेळ नसेल तेव्हा ती पिशवी न उघडताच कचऱ्यात जाते.

फिल्म, म्हणजे पिशव्यांसारखं पातळ प्लास्टिक, वेगळी घेणारी सोय असेल तर अंगठ्याची परीक्षा करा. फिल्म दोन्ही हातांत धरून अंगठा दाबा: ताणून लांब झाली तर पॉलिथिलीन, ठेवा. कुरकुर वाजली आणि न ताणता फाटली तर बहुधा पीपी किंवा मिश्र थर; ती या ढिगात नको. पाव, टिश्यू पेपर, कपडे यांच्या पिशव्या आणि बुडबुड्यांचं वेष्टन सहसा पास होतं. पावत्या, चिकट लेबलं कापून टाका. धुतलेल्या पिशव्या दोरीवर वाळवा आणि एका मोठ्या पिशवीत दाबून भरत जा.

"कंपोस्टेबल" लिहिलेली पिशवी या ढिगात एक जरी गेली तरी गठ्ठ्याची प्रत घसरते. ती घरच्या कुंडीतही सहज कुजत नाही. युरोपीय मानक ईएन १३४३२ नुसार अशा वस्तूची कसोटी औद्योगिक खतकारखान्याच्या वातावरणात होते, जिथे तापमान ५८ अंशांच्या आसपास राखलेलं असतं. "घरी कुजणारी" असं स्वतंत्र प्रमाणपत्र नसेल आणि जवळ तसा खतकारखानाही नसेल, तर अशी पिशवी सरळ कचऱ्यात जाते. "ऑक्सो" प्रकारच्या पिशव्या तर नुसत्या बारीक तुकडे होऊन पसरतात. युरोपीय संघाने त्यांच्यावर २०२१ पासून बंदी घातली आहे.

कागद, धातू, काच

पुठ्ठ्याचा शत्रू तेल. लगदा करताना शाई निघते, तेल तंतूंना धरून राहतं. पिझ्झाच्या खोक्याचं झाकण कोरडं असेल तर तेवढं फाडून द्या, तेलकट तळ ओल्या कचऱ्यात. चिकटपट्टी जमेल तेवढी ओढून काढा. कागदाचे बारीक तुकडे करू नका. तंतू आखूड होतात आणि तुकडे चाळणीतून गळतात. दुकानातल्या गुळगुळीत पावत्या उष्णतेने छापलेल्या असतात, त्यांवरची रसायनं रद्दीत मिसळू नयेत म्हणून त्या वेगळ्या काढून कचऱ्यात टाका.

ॲल्युमिनियमची फॉइल पुसून गोळा करत जा आणि मुठीएवढा गोळा झाल्यावरच द्या. सुटा तुकडा चाळणीतून हरवतो. एवढा त्रास घेण्याजोगा हा धातू आहे, कारण खनिजापासून ॲल्युमिनियम काढायला जितकी ऊर्जा लागते तिच्या सुमारे ५ टक्क्यांतच तो पुन्हा वितळवता येतो. डबा पोलादी की ॲल्युमिनियमचा, ते चुंबक लावून पाहा. स्प्रेचे डबे पूर्ण रिकामे करा, पण भोक पाडू नका.

काचेत फक्त बाटल्या आणि बरण्या. उष्णतारोधक काचेची भांडी, चिनीमाती, आरसे, बल्ब नकोत: त्यांची रचना वेगळी असते, भट्टीत ते बाटलीच्या काचेसोबत नीट वितळत नाहीत आणि नव्या बाटलीत खडा म्हणून राहतात. त्याच खड्यापाशी पुढे बाटली तडकते.

साठवायचं कसं

घरात सहा-सात डबे मांडले की महिन्याभरात सगळा उत्साह मावळतो. चार पुरतात: पेट-एचडीपीईच्या बाटल्या आणि पीपीचे डबे यांचा मिळून एक, कागद-पुठ्ठ्याचा दुसरा, धातू आणि काचेचा तिसरा, आणि चौथी फिल्मची पिशवी. फिल्म घेत नसतील तर तीनच. बाटल्या देण्याच्या दिवशी पारदर्शक, रंगीत आणि अपारदर्शक असे भाग करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण रंगीत पेटमधून रंग काढता येत नाही, त्यामुळे पारदर्शक माल वेगळा असेल तर तोच पुन्हा बाटली होण्याच्या लायकीचा राहतो. एक लिटरची रिकामी पेट बाटली साधारण २५ ते ३० ग्रॅम भरते, म्हणजे किलोभर मालाला साधारण ३३ ते ४० बाटल्या. जागेचा अंदाज त्यावरून घ्या. माल उन्हात ठेवू नका. विशेषतः पीपी उन्हाने ठिसूळ होतं आणि हाताळताना त्याचा चुरा पडतो.

कीटकनाशकं, इंजिन ऑइल, ॲसिड यांच्या बाटल्या कितीही धुतल्या तरी या डब्यांत नकोत. बॅटऱ्या आणि बॅटरी असलेली खेळणी तर मुळीच नकोत: लिथियमचा सेल दाबयंत्रात चेपला गेला की पेट घेतो, आणि आजूबाजूला असतो तो कोरडा कागद नि प्लास्टिक. त्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. सुया आणि ब्लेड जाड बाटलीत बंद करून, वर ठळक लिहून, वैद्यकीय कचरा घेणाऱ्याकडे द्या. छाननीच्या पट्ट्यावर बऱ्याचदा माणसाचे हात असतात.